सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, एकवीस वर्षांचे फोटो आणि 'न्यू फोल्डर (७)'

गोदाकाठची

मंडळी, आधीच सांगते, कॉम्प्युटरमधलं मला बँकेत काउंटर सांभाळताना जेवढं शिकावं लागलं तेवढंच येतं. त्यामुळे उत्तर देताना जरा सांभाळून घ्या.

मार्गशीर्षात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पुतण्याने हॉलमधल्या पडद्यावर फोटो दाखवायचं ठरवलंय आणि मला फर्मान सोडलंय, "काकू, दीडशे फोटो काढून ठेव, जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने." मला वाटलं, रविवारी दुपारी बसू आणि उरकून टाकू. त्याला आता पाच रविवार झाले.

घरची परिस्थिती अशी. लॅपटॉप विंडोजवाला. त्यात 'फोटो', 'फोटो जुने', 'फोटो नवे', 'डी ड्राइव्ह सगळं', 'ह्यांचा मोबाईल दिवाळी' आणि 'न्यू फोल्डर'पासून 'न्यू फोल्डर (७)'पर्यंत फोल्डर. सगळे मिळून ६१ हजार फाईल्स. एवढे फोटो काढायला आम्ही काही राजघराणं नाही. एकेक फोटो तीन-तीन, चार-चार ठिकाणी आहे, हे मलाही दिसतंय. ह्यांचा फोन अँड्रॉइड, कायम 'जागा संपली' म्हणून कुरकुरणारा. माझ्याकडे लेकीने वापरून दिलेला आयफोन. आणि सासूबाईंचा टॅबलेट. त्यावर त्या कीर्तन बघतात आणि सुट्टीत नातवंडं एकमेकांच्या नाकाचे फोटो काढतात.

मागच्या महिन्यात तर धडकीच भरली. टॅबलेटवर फोटो साचलेले दिसले. म्हटलं, हे सगळे ह्यांच्या फोनमध्ये आहेतच, इथे कशाला? म्हणून नऊशेएक उडवले. संध्याकाळी हे म्हणतात, माझ्या फोनमधले कोकणातले फोटो कुठे गेले? लेकीला बंगळूरला फोन केला. तिने फोनवरच 'ट्रॅश'चा, म्हणजे पुसलेल्या फोटोंचा, डबा उघडायला लावला, तेव्हा सगळे परत आले. पण तोवर माझं जेवण गेलं नव्हतं. टॅबलेटवर पुसलेलं फोनमधून कसं जातं, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. लेक म्हणते "अगं, सिंक आहे ते." आमच्याकडे सिंक म्हणजे भांडी घासायची जागा.

आता प्रश्न:

आयफोन लॅपटॉपला जोडला की चाळीस-पन्नास फोटो उतरतात आणि मग इंग्रजीत 'जोडलेलं उपकरण काम करत नाही' अशा अर्थाचा निरोप येऊन सगळं थांबतं. वायर बदलून पाहिली.

२०१५ च्या सिंहस्थात मी आमच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने दोनेकशे फोटो काढले होते. त्या सगळ्यांवर १ जानेवारी २००८ अशी तारीख आहे. ओळीने लावायला गेलं की साधू येतात आधी आणि धाकटीची मुंज नंतर.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो वेगळे कसे काढायचे? त्यात निम्मे 'शुभ सकाळ'चे गुलाब आहेत.

कृपया 'क्लाउडवर टाका' एवढंच सांगू नका. क्लाउडवर आहेतच. तिथेही असाच पसारा आहे, फक्त दिसत नाही.

तळ्यातमळ्यात

काकू, पहिली गोष्ट: पुढचे पंधरा दिवस काहीही पुसू नका. अगदी गुलाबसुद्धा.

आता ते सिंक. आरशासमोर उभं राहून तुम्ही टिकली काढलीत तर आरशातल्या बाईच्या कपाळावर ती राहील का? तसंच आहे. काकांचा फोन आणि टॅबलेट एकाच गुगल खात्यावर असणार. काकांनी जागा संपली म्हणून कधीतरी 'फ्री अप स्पेस' दाबलं असणार. ते दाबलं की फोनमधले मूळ फोटो जातात आणि फोनवर दिसतात ते क्लाउडवरचे. म्हणजे कोकणातल्या फोटोंची प्रत एकच होती, ती क्लाउडवर, आणि फोन व टॅबलेट ह्या तिच्याकडे बघायच्या दोन खिडक्या. तुम्ही एका खिडकीतून हात घालून ती उचललीत. बॅकअप घेतलेले फोटो गुगलच्या डब्यात ६० दिवस राहतात म्हणून वाचलात. आयफोनच्या डब्यात मुदत ३० दिवसांची असते, तेही लक्षात ठेवा.

म्हणून आधी ठरवा, फोटोंचं घर कुठलं. माझ्या मते बाहेरची हार्ड डिस्क, किमान एक टीबी. लॅपटॉप म्हणजे निवडायला बसायची ओसरी. फोन आणि टॅबलेट म्हणजे पाहुणे. पाहुण्याकडे घराची एकुलती किल्ली द्यायची नाही.

डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. उद्या कुणाचा मॅक आला तरी चालते, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ मावत नाही, ती कटकट राहत नाही. मग आजचा सगळा पसारा जसाच्या तसा डिस्कवर एका फोल्डरमध्ये ओता. नाव द्या 'अडगळ'. त्याला हात लावायचा नाही. निवडायचं ते त्याच्या नकलेवर.

आयफोनचं उत्तर सोपं आहे. सेटिंग्जमध्ये फोटोजच्या पानावर अगदी तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे. तिथे 'ऑटोमॅटिक' असेल, ते 'कीप ओरिजिनल्स' करा. ऑटोमॅटिकवर फोन एकेक फोटो एचइआयसी ह्या आयफोनच्या फाईल-प्रकारातून नेहमीच्या जेपीजीमध्ये उलगडत पाठवतो आणि मध्येच धाप लागून बसतो. पण त्याआधी त्याच पानावर 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू आहे का बघा. असेल तर मोठे मूळ फोटो आयक्लाउडवर आहेत आणि फोनमध्ये बारक्या प्रती. मग वायरने उतरवून उपयोग नाही, ते आयक्लाउडवरूनच उतरवावे लागतील.

व्हॉट्सअ‍ॅप: अँड्रॉइडवरच्या फाईलचं नावच 'आयएमजी-२०१९०३१५-डब्ल्यूए०००७' असं असतं. लॅपटॉपवर शोधात 'डब्ल्यूए' इंग्रजीत टाका, सगळे एका जागी येतील, उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याच्या पोटातली तारीख काढून टाकतं, म्हणून ते भलत्याच जागी दिसतात. नावातली तारीख फोटो ज्या दिवशी आला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नाही.

आळशी_उंट

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत, पण ते फोल्डर प्रकरण सुरू होण्याआधी एक इशारा.

मी तीन दिवाळ्या घालवून फोल्डर केले. 'ट्रेक', 'नातेवाईक', 'खाणं', 'ऑफिस'. मग हरिश्चंद्रगडावर मावसभावाबरोबर पिठलं खातानाचा फोटो आला. तो कुठे टाकायचा? तिन्हीकडे टाकला. असे तिन्हीकडे टाकलेले चारेक हजार निघाले. काकू, तुमचे ६१ हजारही असेच जन्मले असणार.

फोल्डर फक्त वर्षाचे करा. फारतर वर्षात महिना, पुढे एक शब्द: '२०१५-०८ सिंहस्थ'. वर्ष आधी, मग महिना, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. नाव मराठीत खुशाल द्या, पण आकडे एकाच लिपीत ठेवा. माझ्याकडे अर्धे देवनागरी, अर्धे इंग्रजी आहेत आणि शोधताना मी स्वतःलाच शिव्या घालतो. बाकी कोण, कुठे, कशाचा, हे टॅगमध्ये, म्हणजे फोटोला लावायच्या लेबलांत.

टॅगसाठी डिजिकॅम वापरा. फुकट आहे, विंडोजवर चालतं, चेहरे ओळखतं. फक्त सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या पानावर जाऊन टॅग आणि नावं 'फाईलमध्येच लिही' अशी खूण करा. हे मी अनुभवाने सांगतोय. पूर्वी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये बसून मी अख्ख्या खानदानाला नावं दिली होती. ती राहिली सॉफ्टवेअरच्या वहीत, फोटोत गेलीच नाहीत. कॉम्प्युटर बदलला, फोटो आले, माणसं निनावी. लेबल डब्याला चिकटवायचं, फळीला नाही.

सिंहस्थाचे साधूही तिथेच जागेवर येतील. बॅटरी संपल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्या दिवसावर गेलं, पण तिथून पुढे ते नीटच चालत होतं. म्हणजे सगळे फोटो सारख्याच अंतराने चुकलेत. एका फोटोची खरी तारीख-वेळ तुम्हाला आठवली की डिजिकॅममध्ये सगळे निवडून तारीख दुरुस्त करायच्या पर्यायात तेवढाच फरक द्यायचा. दोनशेच्या दोनशे सरकतात.

दुहेरी फोटो काढायला च्कावका (Czkawka) नावाचं एक साधन आहे. नाव पोलिश आहे, उच्चार चुकला असेल तर क्षमस्व. आधी 'हुबेहूब सारख्या फाईल्स' शोधा, ते निर्धास्तपणे उडवता येतं. 'सारखे दिसणारे फोटो' हा पर्याय मात्र डोळ्यांत तेल घालून. त्याला शेजारी शेजारी काढलेले दोन फोटो एकच वाटतात, आणि नेमक्या दुसऱ्यात आजोबांचे डोळे उघडे असतात.

गोदाकाठची

आरसा कळला. आता कळलं ते.

'कीप ओरिजिनल्स' केलं आणि आयफोन एका दमात रिकामा झाला! म्हणजे उतरला, पुसला काहीच नाही, घाबरू नका. हे शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "एवढंच होतं?" पाच रविवार माझे गेले, ह्यांना एवढंच.

सिंहस्थाची तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. पहिली पर्वणी राखीपौर्णिमेला आली होती, २९ ऑगस्ट. सकाळी भावाचा फोन आला की पोलिसांनी रस्ते अडवलेत, मी येत नाही, राखी पुढच्या रविवारी बांध. तो फोन झाल्यावर मी गच्चीतून गर्दीचा फोटो काढला होता. तोच धरून सरकवते.

पण मूळ फोटो एचइआयसी आलेत आणि माझा जुना लॅपटॉप ते उघडतच नाही. आणि क्लाउडवरचे कसे खाली आणायचे?

तळ्यातमळ्यात

एचइआयसीसाठी मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून जोड मिळते, किंवा डिजिकॅममध्ये बघा. मूळ फाईल तशीच राहू द्या, पडद्यावर दाखवायच्या दीडशेच फक्त जेपीजी करून पुतण्याला द्या. इथून पुढे फोन थेट जेपीजीच काढावा असं वाटत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'.

क्लाउडवरून आणायला गुगल टेकआउट. फक्त फोटोजवर खूण करा, बाकी सगळ्या खुणा काढा, नाहीतर पंधरा वर्षांची ईमेलंही घरी येतील. झिपचे तुकडे येतात, सगळे आले का मोजून घ्या. प्रत्येक फोटोसोबत एक जेसन नावाची चिठ्ठी येते, ती फेकू नका. तुम्ही गुगलवर तारीख सुधारली असेल किंवा ओळ लिहिली असेल तर ती फोटोत नसते, त्या चिठ्ठीत असते. एक्झिफटूल नावाच्या साधनाने चिठ्ठीतलं फोटोत भरता येतं, पण ते काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचं काम आहे. पुतण्याला लावा, त्याचाच कार्यक्रम आहे.

आणि कोकणाचे फोटो क्लाउडवर कुठल्या दर्जात होते तेही बघा. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १६ मेगापिक्सेलपर्यंत आवळलेले असतात. हॉलच्या पडद्याला पुरतात, चिंता नको. जून २०२१ पासून आवळलेले फोटोही गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात आणि ईमेलही त्याच १५ जीबीत, काकांचा फोन त्यामुळेही कुरकुरत असेल.

वाशिष्ठीकाठ

तळ्यातमळ्यात यांनी घर बरोबर सांगितलं, पण एकच घर सांगितलं. म्हणून लिहितोय.

आम्ही चिपळूणला, तळमजल्यावर. माझ्याकडेही सगळं शिस्तीत होतं. कॉम्प्युटरवर वर्षवार फोल्डर, आणि दर महिन्याला एक तारखेला बाहेरच्या डिस्कवर नक्कल. डिस्क त्याच टेबलाच्या खणात. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी अंगणात होतं, उजाडेपर्यंत टेबल दिसेना. आई, बायको, मुलगी आणि गॅसची शेगडी वरच्या मजल्यावर नेली. डिस्क आठवली ती दुसऱ्या दिवशी. चिखलातून काढली, पुण्याला दाखवली, काही निघालं नाही. दोन प्रती होत्या आणि दोन्ही एकाच पाण्यात गेल्या.

गंमत अशी की कागदावरचे फोटो जास्त वाचले. ओले अल्बम वाळू दिले नाहीत, कारण वाळले की फोटो एकमेकांना चिकटतात ते कायमचे. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक अलगद सोडवला, धुतला आणि आंबापोळीसारखे पत्र्यावर जुन्या चादरी पसरून, चेहरा वर करून वाळत घातले. रंग उडालेत, कडा गेल्यात, पण आजोबा ओळखू येतात.

डिजिटलमधलं जे परत मिळालं ते बहिणीमुळे. २०१७ ला ती पुण्याहून आली होती, तेव्हा तिला अख्ख्या संग्रहाची नक्कल दिली होती, ती तिच्या कपाटात साड्यांखाली होती. मधली चार वर्षं गेली. मुलीची पहिली शाळा त्यात गेली.

आता डिस्का दोन. एक इथे माळ्यावर, एक बहिणीकडे. गणपतीला ती येते तेव्हा तिची घेऊन येते, माझी घेऊन जाते. अदलाबदल. वर्षात एकदाच होते, पण गणपती चुकत नाही म्हणून हेही चुकत नाही. काकू, तुमची लेक बंगळूरला आहे ना?

पेन्शनर_नाना

वय वर्षे ७४. मी सॉफ्टवेअरमधलं बोलणार नाही.

सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो म्हणजे ह्या एकवीस वर्षांतलेच का? सासूबाईंचं लग्न, डोहाळजेवण, हे सगळं कागदावर असेल. ते आधी स्कॅन करा. छोट्या काळ्यापांढऱ्या फोटोंना ६०० डीपीआय ठेवा. मोबाईलने काढायचे झाले तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद. आणि फोटोची पाठ विसरू नका. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाच्या तरी शाईतलं 'चि. सौ. कां.' असतं. मी पाठीचीही स्कॅन करतो.

स्कॅन केलेल्यावर आजची तारीख पडते. ती बदलून अंदाजाची घाला, वर्ष कळलं तरी पुरे. मी नक्की माहीत नसलेल्यांना त्या वर्षाची १ जानेवारी घालतो, म्हणजे माझं मला कळतं की हा अंदाज आहे.

आणि हे सगळं करताना सासूबाईंना शेजारी बसवा. आमच्या आईच्या पेटीत सत्तरेक फोटो आहेत. त्यातल्या एकात तीन बायका विहिरीच्या काठावर उभ्या आहेत, एकीच्या कडेवर मी आहे. बाकी दोघी कोण, हे विचारायला मी एक वर्ष उशीर केला.

गोदाकाठची

उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले.

हिशोब आधी. हुबेहूब सारख्या फाईल्स ३४ हजार निघाल्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या नऊ हजार, त्या वेगळ्या ठेवल्यात. त्यातले गुलाब दुपारी चहा पिताना उडवते, रोज शंभर, जपमाळेसारखे. साधू २०१५ मध्ये पोचले. 'अडगळ' जशीच्या तशी डिस्कवर आहे, दुसरी डिस्क लेक दिवाळीला आली तेव्हा तिच्या बॅगेत घातली. तिने कुरकुर केली, मी वाशिष्ठीकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. मग गप्प बसली.

नाना, तुमचं ऐकलं. फोटो स्कॅन करून टॅबलेटवर घातले, कारण कागदावरचे चेहरे आईंना आता दिसत नाहीत. टॅबलेटवर त्या दोन बोटांनी मोठं करतात. कीर्तनातल्या बुवांचा फेटा असाच मोठा करून बघायची सवय आहे, त्यामुळे शिकवावं लागलं नाही. मी वही घेऊन बसते, त्या सांगतात, रात्री मी ते डिजिकॅममध्ये भरते.

पहिल्याच दिवशी ज्यांना आम्ही इतकी वर्षं 'ओझरचे काका' म्हणत आलो ते फोटोत निघालेच नाहीत, तो त्यांचा भाऊ. आई म्हणाल्या, "अगं, हा तर पळून गेलेला." कुठे, कधी, कोणाबरोबर, ते सांगेनात. टॅगमध्ये काय लिहू? सध्या 'ओझरचे काका (नव्हे)' असं लिहिलंय.

दीडशेपैकी एकशे एकेचाळीस झाले. आईंनी स्वतः एकच निवडला. सासऱ्यांचा, धुळ्याच्या लग्नातला, पंगतीत वाढताना, हातात जिलबीचं ताट. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, इतका धूसर की जिलबी आहे की कुरडई कळत नाही. मूळ फोटो धुळ्याच्या मावसदिरांकडे आहे. त्यांना फोन करून सांगितलं, भाऊजी, फोटो म्हणून पाठवू नका, पिनच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, म्हणजे आवळला जाणार नाही. दोनदा समजावलं. त्यांनी "हो हो, डॉक्युमेंट" म्हटलं.

आज सकाळी त्यांचं रेशनकार्ड आलंय. उद्या परत फोन करते.